एक्सआरडी कार्यशाळा: पूड भरायला नीट शिकवते, रीटवेल्ड मात्र घाईत उरकते

क्ष-किरण विवर्तनाची (एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण टाकून पदार्थाची स्फटिकरचना ओळखण्याची) कार्यशाळा म्हटलं की बहुतेक ठिकाणचा बेत ठरलेला असतो. दोन दिवस पडद्यावर मिलर निर्देशांक (स्फटिकातल्या प्रतलांना दिलेले १११, २२० असे आकडे), तिसऱ्या दिवशी यंत्राभोवती कोंडाळं करून एक स्कॅन ‘बघायचा’, चौथ्या दिवशी सॉफ्टवेअरची बटणं, आणि पाचव्या दिवशी प्रमाणपत्र, ग्रुप फोटो, गाडी पकडायची घाई. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेची ही पाच दिवसांची कार्यशाळा त्या साच्यातली नाही; निदान पहिले तीन दिवस तरी नाही. चौथ्या दिवशी ती घसरते. ती घसरण इतर ठिकाणीही अशीच दिसते, म्हणून संस्थेचं नाव इथे घेतलेलं नाही.

ज्याला स्वतःच्या हाताने पूड भरून स्कॅन लावायचा आहे त्याने जरूर जावं: पीएचडीचे विद्यार्थी, औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमधली मंडळी, सिमेंट-सिरॅमिकच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. ज्याच्याकडे डेटा आधीच पडून आहे आणि ‘तेवढं रीटवेल्ड (संपूर्ण आलेखाशी रचनेचं प्रारूप जुळवणं) करून द्या’ एवढीच ज्याची अपेक्षा आहे, त्याने पैसे वाचवावेत.

पहिला दिवस सिद्धांताचा. ब्रॅगचा नियम, सात स्फटिकप्रणाली, व्युत्क्रम जालक हे सगळं नेहमीच्या वेगाने होतं, आणि ज्याने एमएस्सीला हे एकदा वाचलंय त्याला जेवणानंतर डुलकी येणार. पण दुपारचा एक सराव उत्तम आहे. स्वयंपाकघरातलं मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड, दोन्हींचे स्कॅन शेजारी शेजारी ठेवून कोडं घालतात: रचना एकच, मग मिठात २७.३ अंशांच्या (किरण वळतात त्या कोनाच्या, म्हणजे टू-थीटाच्या) आसपास जे बारीक १११ चं पीक, म्हणजे आलेखातलं टोक, आहे तसं पोटॅशियम क्लोराइडमध्ये का नाही? उत्तर इलेक्ट्रॉनांच्या मोजणीत आहे. पोटॅशियमचा आयन आणि क्लोराइडचा आयन, दोघांकडे अठरा-अठरा इलेक्ट्रॉन. क्ष-किरणांना ते जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे विषम निर्देशांकांच्या रेषा एकमेकांना खोडून टाकतात आणि अर्ध्या मापाची साधी घनाकार पेशी (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा एकक ठोकळा) असल्याचा भास होतो. ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्ये हेच कोडं सोडवलं होतं. ‘रचना घटक’ (पेशीतल्या सगळ्या अणूंच्या विकिरणाची बेरीज) या शब्दाची भीती घालवायला याहून स्वस्त उपाय नाही. दोन्ही पुडी मिळून शंभर रुपयेही लागत नाहीत.

कार्यशाळेचा खरा जीव दुसऱ्या दिवसात आहे. सकाळचे तीन तास फक्त पूड करणं आणि होल्डर भरणं. वेळापत्रकात हे वाचून नाक मुरडणारे दुपारी गप्प होतात.

खल अकीकाचा. सॅम्पलवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकून ओलं घोटायचं, कोरडं नाही. कोरडं आणि जोर लावून घोटलं की जिप्समसारख्या पदार्थातलं पाणी निघून जातं, त्याचा अर्धजलीय प्रकार तयार होतो, आणि मग सॅम्पलमध्ये मुळात नसलेला टप्पा (फेज, म्हणजे वेगळ्या रचनेचा घटक) अहवालात येतो. फार वेळ घोटलं तर स्फटिक मोडून पीक रुंद होतात. अॅल्युमिनासारखं कठीण काही घोटलं तर खलच झिजतो आणि २६.६४ अंशांवर क्वार्ट्झची रेषा उगवते. नुसती ओळख पटवायची असेल तर ३२५ मेशच्या चाळणीतून, म्हणजे साधारण ४५ मायक्रॉनखाली गेलेली पूड चालते. प्रमाण काढायचं असेल तर कण १० मायक्रॉनच्या खाली हवेत. कण मोठे असतील तर किरणांच्या वाटेत योग्य दिशेने वळलेले कण मोजकेच येतात, आणि तेच सॅम्पल पुन्हा भरलं की पिकांच्या उंचीचे गुणोत्तर बदलतं. शिकाऊ माणूस त्याला ‘यंत्राचा दोष’ म्हणतो.

मग होल्डर. इथे आयोजकांनी निवडलेला पदार्थ दाद देण्यासारखा आहे: दख्खनच्या बेसाल्टमधला हुलांडाइट. पुण्यापासून नाशिक-जळगावपर्यंत खाणींमध्ये सापडणारं हे झिओलाइट पत्र्यासारखं सुटतं. एकाच पुडीचे तीन होल्डर भरायला लावतात. पहिला समोरून भरून काचेच्या पट्टीने दाबलेला, दुसरा मागून भरलेला, तिसरा चाळणीतून सिलिकॉनच्या झिरो-बॅकग्राउंड (स्वतःची पीक न देणाऱ्या) चकतीवर भुरभुरलेला. पहिल्यात सगळे पत्रे आडवे निजतात आणि ९.९ अंशांजवळचं ०२० चं पीक बाकीच्यांना झाकून टाकतं. मागून भरलेल्यात ते बरंच खाली येतं. भुरभुरलेल्या थरात कण वाटेल त्या दिशेने पडतात, पण थर पातळ असल्याने मोठ्या कोनांवरची तीव्रता कमी मिळते. ती कशाने कमी झाली हे माहीत नसेल तर पुढे औष्णिक कंपनांचे (अणू जागच्या जागी किती हलतात याचे) आकडे भलतेच निघतात.

याच सॅम्पलवर आणखी एक गोष्ट दाखवता आली असती, ती सुटली. टेबलावरच्या यंत्राची गोनिओमीटर त्रिज्या (सॅम्पलपासून डिटेक्टरपर्यंतचं अंतर) १५० मिलिमीटर आणि डायव्हर्जन्स स्लिट (किरणांचा पसारा ठरवणारी फट) १ अंश असेल, तर ९.९ अंशांवर किरणांचा पट्टा सुमारे ३० मिलिमीटर लांब पसरतो. होल्डरचा खळगा २० मिलिमीटरचा. म्हणजे एक तृतीयांश किरण सॅम्पलच्या बाहेर, होल्डरच्या कडेवर. या मापांवर १५ अंशांच्या खालचं प्रत्येक पीक खरं आहे त्याहून बुटकं मोजलं जातं. दाबलेल्या होल्डरमुळे ०२० फुगतं, सांडलेल्या किरणांमुळे ते घटतं, आणि दोन चुका एकमेकींना अंशतः झाकतात. स्लिट अर्ध्या अंशाचा लावून तोच स्कॅन पुन्हा घेतला असता तर पंधरा मिनिटांत हे डोळ्यांनी दिसलं असतं. झिओलाइट, माती, मेसोपोरस सिलिका यांवर काम करणाऱ्यांनी हा हिशेब स्वतः करावा: त्रिज्या गुणिले स्लिटचा कोन रेडियनमध्ये, भागिले थीटाचा (आलेखावरच्या कोनाच्या निम्म्याचा) साइन.

होल्डरबद्दलच्या दोन बारीक सूचना मात्र अगदी वेळेवर दिल्या जातात. काचेच्या स्लाइडवर पातळ थर दिला तर २० ते ३० अंशांच्या पट्ट्यातला फुगवटा काचेचा असतो, सॅम्पलच्या अस्फटिक भागाचा नाही. आणि वेडावाकडा तुकडा बसवायला प्लॅस्टिसिन वापरलं तर ते किरणांच्या वाटेत येऊ द्यायचं नाही, कारण त्यातल्या भरावाची स्वतःची पीक येतात.

दुपारी सिलिकॉनच्या प्रमाण पुडीवर यंत्राची तपासणी. तांब्याच्या के-अल्फा-१ साठी (तांब्याच्या ट्यूबमधून निघणाऱ्या मुख्य किरणांसाठी) १११ रेषा २८.४४ अंशांवर, २२० ही ४७.३० वर, ३११ ही ५६.१२ वर आली पाहिजे. मग मुद्दाम होल्डरखाली कागदाची घडी घालून सॅम्पल ०.१ मिलिमीटर वर उचलतात. १५० मिलिमीटर त्रिज्येवर १११ रेषा ०.०७४ अंशांनी उजवीकडे सरकते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण या एकाच रेषेवरून पेशीची बाजू काढली तर ५.४३१ अँगस्ट्रॉमऐवजी ५.४१७ येते. ‘डोपिंगमुळे जालक आकुंचन पावलं’ असा निष्कर्ष काढणाऱ्या कितीतरी प्रबंधांमधलं आकुंचन याहून लहान असतं. पूड होल्डरच्या काठापेक्षा केसभर वर राहिली की झालं! विस्थापनाची चूक थीटाच्या कोसाइनप्रमाणे बदलते आणि शून्यबिंदूची चूक सगळीकडे सारखी असते. या चुका ओळखायच्या तर सॅम्पलमध्येच थोडं सिलिकॉन मिसळणं हा सगळ्यांत साधा मार्ग, आणि तो प्रत्येकाकडून करवून घेतात.

याच दुपारी कोकणातला जांभा आणि कोल्हापूरकडचं बॉक्साइट येतं. जांभ्याचा स्कॅन लावला की पार्श्वभूमी एकदम उंच, पीक तिच्यात बुडालेली. तांब्याच्या के-अल्फाची ऊर्जा ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, लोखंडाची के-कडा (जिच्यावरची ऊर्जा ते जोरात शोषतं) ७.११ वर, त्यामुळे लोखंड स्वतःच ६.४० चे क्ष-किरण फेकू लागतं. उपाय तीन: डिटेक्टरची खालची ऊर्जामर्यादा वर चढवणं, सॅम्पलनंतर ग्रॅफाइटचा मोनोक्रोमेटर बसवणं, किंवा कोबाल्टची ट्यूब वापरणं. पहिला उपाय प्रत्यक्ष करून दाखवतात. पार्श्वभूमी खाली येते, पीकही थोडी घटतात, पण गोथाइट आणि हेमाटाइट दिसू लागतात. ज्यांच्या यंत्रात जुना बिंदू-डिटेक्टर आणि नुसता निकेलचा फिल्टर आहे त्यांनी लक्षात ठेवावं: तो फिल्टर तांब्याची के-बीटा अडवतो, सॅम्पलमधल्या लोखंडाचं उत्सर्जन नाही.

सुरक्षिततेचं सत्र अर्ध्या तासाचं, पण पोकळ नाही. दाराचा इंटरलॉक, ट्यूबच्या बेरिलियम खिडकीला हात न लावणं, टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा), आणि चिलरचं पाणी तपासल्याशिवाय व्होल्टेज न चढवणं. वीज गेल्यावर ट्यूब थेट ४० किलोव्होल्टवर न नेता टप्प्याटप्प्याने न्यायची, ही सवय आपल्याकडे पावसाळ्यात फार उपयोगी पडते.

तिसरा दिवस टप्पे ओळखण्याचा आणि स्फटिककणांच्या मापाचा. ओळखीसाठी मोफत असलेला क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस वापरतात, हे चांगलं केलंय. पैसे मोजून घ्यावा लागणारा आयसीडीडीचा संग्रह दाखवून लोकांना घरी पाठवण्यात अर्थ नसतो. शिकवण्याची पद्धत जुन्या हॅनावॉल्ट वळणाची: तीन सगळ्यांत उंच रेषा घ्या, मूलद्रव्यांची मर्यादा घाला, मग जुळणी पाहा. सॉफ्टवेअरने दिलेले गुण बघून पहिलंच नाव उचलायची खोड मोडण्यासाठी एक सापळा रचलेला असतो. मूलद्रव्यांची मर्यादा न घालता शोधलं की दुर्मीळ धातूंची संयुगं वर येतात, आणि दर वेळी कुणी ना कुणी ती लिहून देतं. उमेदवाराची सगळ्यांत उंच रेषाच सॅम्पलमध्ये नसेल तर तो उमेदवार बाद. दिशाबद्धतेचं (कण एकाच बाजूने निजल्याचं) कारण द्यायचं असेल तर आधी होल्डर पुन्हा भरून दाखवा, असा इथला दंडक आहे. तो आम्हाला पटला.

शेरर समीकरणावरचा (पिकाच्या रुंदीवरून स्फटिककणाचं माप काढण्याचा) तास या विषयावर ऐकलेला सर्वोत्तम. २८.४ अंशांवर ०.३० अंश रुंदीचं पीक, स्थिरांक ०.९, उत्तर २७ नॅनोमीटर. इथवर सगळेच येतात. मग विचारतात, यंत्राची स्वतःची रुंदी ०.१० अंश आहे, ती वजा कशी करणार? गाउसियन धरून वर्गांची वजाबाकी केली तर २९ नॅनोमीटर, लोरेंट्झियन धरून सरळ वजाबाकी केली तर ४१. एकाच पिकावरून २७, २९ आणि ४१! त्यानंतर ‘२७.३४ नॅनोमीटर’ असं दोन दशांशांपर्यंत लिहायला हात धजत नाही. वर विल्यमसन-हॉलचा आलेख काढून ताणामुळे आलेली रुंदी वेगळी करायला लावतात, आणि बिंदू रेषेवर बसत नसतील तर रेषा न ओढता ‘बसत नाहीत’ असं लिहायला सांगतात. स्फटिककणाचं माप म्हणजे कणाचं माप नव्हे, हेही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रासकट दाखवतात.

आता चौथा दिवस, रीटवेल्डचा. ह्यूगो रीटवेल्ड यांनी नेदरलँड्समधल्या पेटन इथे न्यूट्रॉन डेटासाठी मांडलेली ही पद्धत १९६९ च्या लेखानंतर सर्वत्र गेली. गाभा सोपा आहे: सुट्या पिकांऐवजी संपूर्ण आलेखाशी प्रारूप जुळवायचं. पण एका दिवसात ती शिकवायची म्हटलं तर काय गाळायचं याची निवड करावी लागते, आणि ती इथे चुकली आहे. सकाळी दीड तास लघुतम वर्गांचं गणित, मग जीसॅस-टू सॉफ्टवेअर बसवण्यात तासभर (निम्म्या लॅपटॉपांवर अँटीव्हायरस आडवा येतो, आदल्या रात्री बसवून या असा एक ईमेल पुरला असता), आणि उरलेल्या वेळात आधीच तयार ठेवलेली फाइल उघडून प्रशिक्षकाच्या मागोमाग खुणा करत जाणं. संध्याकाळी सगळ्यांच्या पडद्यावर सुंदर सपाट फरकरेषा (मोजलेला आलेख वजा प्रारूपाचा आलेख) असते. ती का सपाट झाली, हे विचारलं तर पंचाईत.

क्रम कोणता हवा होता? आधी लँथनम हेक्झाबोराइडच्या प्रमाण पुडीवरून यंत्राची रुंदीरेषा बांधून ती गोठवायची. मग संरचना न घालता ल बेल पद्धतीने नुसती पेशी आणि पिकांचा आकार जुळवायचा. इथे फरकरेषेत उरलेला प्रत्येक उंचवटा म्हणजे एकतर न ओळखलेला टप्पा किंवा चुकीची पेशी. त्यानंतरच अणू आणायचे: स्केल, पार्श्वभूमीचे पाच-सहा गुणांक, सॅम्पलचं विस्थापन (शून्यबिंदू आणि विस्थापन दोन्ही एकदम मोकळं सोडायचं नाही, ती दोघं एकमेकांना ओढतात), पेशी, रुंदी, मग जड अणूंची स्थानं, मग हलके अणू, मग कंपनं, आणि अगदी शेवटी अणूंची भरती (प्रत्येक जागा किती भरलेली आहे ते). कार्यशाळेत ल बेलचा उल्लेखही झाला नाही. त्यामुळे जुळणी बिघडली की दोष पेशीत आहे, आकारात आहे की अणूंत, हे ठरवायचं साधनच हातात नाही.

सराव-सॅम्पलची निवड पुन्हा उत्तम, आणि तरी ती वाया गेली: अॅनाटेज आणि रुटाइल यांचं तोलून केलेलं मिश्रण. पिकं ओळखायला सोपी, अॅनाटेजचं १०१ हे २५.३ वर, रुटाइलचं ११० हे २७.४ वर. पण अॅनाटेजच्या अवकाशगटाला (सममितीच्या प्रकाराला) मूळबिंदूचे दोन पर्याय आहेत. पहिल्या पर्यायात टायटॅनियम शून्य-शून्य-शून्यावर बसतो, दुसऱ्यात नाही. आणि जीसॅस-टू दुसरा पर्याय गृहीत धरतं. पहिल्या पर्यायाची सीआयएफ (स्फटिकरचनेची) फाइल तशीच घातली की पेशी बरोबर, पिकांच्या जागा बरोबर, उंची मात्र सगळी चूक. काही जणांनी इंटरनेटवरून स्वतःची फाइल आणली होती, त्यांच्याबाबत नेमकं हेच झालं, आणि उत्तर मिळालं: ‘आम्ही दिलेली फाइल वापरा.’ ही संधी दवडायला नको होती. वेस्टामध्ये (रचना पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) फाइल उघडून टायटॅनियम-ऑक्सिजन अंतरं पाहिली असती तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. भोवती सहा ऑक्सिजन, १.९३ ते १.९८ अँगस्ट्रॉमवर, असं दिसलं तर फाइल ठीक. नसेल तर मूळबिंदू सरकवा. सिलिकॉन आणि स्पिनेल यांच्याबाबतही हीच गफलत होते.

आकड्यांच्या वाचनावर जेमतेम दहा मिनिटं दिली गेली. आरडब्ल्यूपी (जुळणी किती चुकते याचा आकडा) ५ टक्के म्हणजे चांगलं, १५ म्हणजे वाईट, असं सांगणं दिशाभूल करणारं आहे. जांभ्यासारखी पार्श्वभूमी उंच असली की प्रारूप भिकार असूनही आरडब्ल्यूपी खाली येतो, कारण मोजणीचा मोठा भाग पार्श्वभूमीच जुळवत असते. उलट अतिशय दीर्घ मोजणीच्या डेटावर चांगल्या प्रारूपाचाही काय-स्क्वेअर (मोजणीच्या अनिश्चिततेच्या तुलनेत उरलेली चूक) फुगतो. फरकरेषा डोळ्यांनी वाचायला शिकवणं जास्त गरजेचं होतं. एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली अशी एस-आकाराची खूण दिसली तर पीक सरकलेलं आहे, पेशी किंवा विस्थापन पाहा. मध्ये उंचवटा आणि दोन्ही बाजूंना खड्डे म्हणजे प्रारूपातलं पीक गरजेपेक्षा रुंद. एकाच कुळातल्या रेषा कमी-जास्त होत असतील तर दिशाबद्धता. मार्च-डोलास गुणांक १ म्हणजे ती नाही, आणि तो ०.६ च्या आसपास गेला तर दुरुस्तीवर विसंबण्यापेक्षा होल्डर पुन्हा भरलेला बरा. कंपनांचा आकडा ऋण आला तर शून्यावर बांधून पुढे जाणं ही पळवाट आहे. पृष्ठभाग खडबडीत आहे का, पार्श्वभूमी चुकीची बसली का, भरती कमी धरली का, हे आधी तपासायला हवं. शिवाय कंपनांचा आकडा काही फाइलींमध्ये यू या रूपात असतो, काहींत बी या, आणि बी हा यूच्या जवळजवळ ७९ पट असतो. रीटवेल्डच्या आधी आलेख गुळगुळीत करू नका, के-अल्फा-२ काढून टाकू नका, हे मात्र फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. तेवढं श्रेय द्यायला हवं.

एका फेराइटवाल्या सहभागीने विचारलेला प्रश्नही असाच अर्धवट राहिला. कोबाल्ट फेराइटमध्ये लोखंड आणि कोबाल्ट कोणत्या जागी किती, हे रीटवेल्डने काढता येईल का? साध्या प्रयोगशाळेतल्या क्ष-किरणांनी भरवशाने नाही. २६ आणि २७ इलेक्ट्रॉनांमधला फरक त्यांना जवळजवळ दिसत नाही. न्यूट्रॉनांना मात्र ढळढळीत दिसतो. लोखंडाची विकिरण लांबी (न्यूट्रॉन किती जोराने विखुरतात याचं माप) ९.४५ फेम्टोमीटर, कोबाल्टची २.४९. महाराष्ट्रातल्या संशोधकाला त्यासाठी परदेशी जायचीही गरज नाही, मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन विवर्तनमापक आहेत आणि विद्यापीठांतल्या लोकांना युजीसी-डीएईच्या (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या) केंद्रामार्फत प्रस्ताव देता येतो. क्ष-किरणांतच जास्त विभेदन हवं असेल तर इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर कोनानुसार विवर्तन मोजणारी (अँगल-डिस्पर्सिव्ह) बीमलाइन आहे. उत्तर द्यायला दोन वाक्यं लागली असती.

अस्फटिक भागाचं प्रमाण काढण्याचा सराव संध्याकाळी पावणेसहाला सुरू झाला आणि सहाला बस निघाली. हिशेब असा: सॅम्पलमध्ये तोलून २० टक्के कोरंडम मिसळलं, रीटवेल्डने ते २५ टक्के दाखवलं, तर मूळ सॅम्पलमध्ये अस्फटिक भाग २५ टक्के. रीटवेल्ड फक्त स्फटिक टप्प्यांची बेरीज १०० करतं, म्हणून न दिसणारा भाग कोरंडमचा वाटा फुगवतो. फ्लाय अॅश, स्लॅग, औषधांतल्या अस्फटिक घटकांवर काम करणाऱ्यांसाठी हा अख्ख्या दिवसातला सर्वांत कामाचा सराव होता.

पाचवा दिवस एकस्फटिक पद्धतीचा, आणि इथे गाडी पुन्हा रुळावर येते. सराव साखरेवर. खडीसाखरेचा खडा फार मोठा, म्हणून डब्यातल्या बारीक साखरेचा एकच दाणा तेलाच्या थेंबात घेऊन ब्लेडने ०.२ मिलिमीटरचा तुकडा कापायचा, ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून पाहायचा. दर ९० अंशांना तो संपूर्ण एकदम काळा व्हायला हवा. अर्धा काळा, अर्धा उजळ राहिला तर जुळा किंवा चिकटलेला स्फटिक, टाकून द्या. (तुरटी किंवा मीठ घेतलं तर ते घनाकार असल्याने फिरवा कसेही, काळंच राहतं; ही परीक्षा तिथे लागू नाही.) मग लूपमध्ये (बारीक फाशात) उचलून नायट्रोजनच्या थंड झोतात. तेल जास्त राहिलं तर पार्श्वभूमी वाढते, लूप फार मोठा असेल तर स्फटिक झोतात थरथरतो.

साखरेची पेशी एकनताक्ष, १०.८६, ८.७० आणि ७.७६ अँगस्ट्रॉम, बीटा जवळजवळ १०३ अंश, आकारमान सुमारे ७१५ घन अँगस्ट्रॉम. हायड्रोजन सोडून दर अणूला १८ घन अँगस्ट्रॉम हा ढोबळ नियम लावला तर पेशीत ४० अणू बसतात. साखरेच्या रेणूत असे अणू २३. म्हणजे १.७ रेणू? अवकाशगट दोनच्या पटीत रेणू मागतो, म्हणून दोन. साखर दाट रचलेली असल्याने नियम थोडा कमी पडला. संरचना सोडवण्याआधी हा हिशेब कागदावर करायला लावणारे शिक्षक आता कमी उरलेत. पुढे शेलएक्सटीने सोडवणं, ओलेक्स-टूमध्ये शेलएक्सएलने परिष्करण, हायड्रोजन बसवणं आणि शेवटी चेकसीआयएफ (रचनेतल्या त्रुटी तपासणारी सेवा), असं नीट क्रमाने होतं. ए-दर्जाचा इशारा आला की आधी डेटा पाहा, मग प्रारूप, आणि उत्तर लिहून तो ‘घालवणं’ सगळ्यांत शेवटी, हे ठसवतात. मॉलिब्डेनमच्या किरणांवर साखरेचा डावा-उजवा हात (रेणू मूळ रूप आहे की आरशातलं) ठरवता येत नाही, कारण कार्बन-ऑक्सिजनचं विसंगत विकिरण फार क्षीण असतं आणि हा हात सांगणाऱ्या फ्लॅक गुणांकाची अनिश्चितता त्या गुणांकालाच गिळते. तांब्याचे किरण घ्यावे लागतात. हे पडद्यावर आकडा दाखवून सांगितलं, तेव्हा औषधक्षेत्रातल्या मंडळींनी लिहून घेतलं.

सोयी ठीकठाक. यंत्रामागे सहा जण म्हणजे एकाला स्वतःचा होल्डर भरायला दोनदाच मिळतं. चार जणांची तुकडी असती तर बरं. छापील टिपणं चांगली, पण डेटाच्या कच्च्या फाइली मागितल्याशिवाय देत नाहीत, त्या पहिल्याच दिवशी पेनड्राइव्हवर मागून घ्या. जेवणाबद्दल तक्रार नाही. दुपारचा चहा मात्र बरोबर स्कॅन संपायच्या वेळी येतो.

स्वतःचं सॅम्पल आणायची मुभा आहे, पण प्रत्येकी एकच आणि वेळ अर्धा तास. त्यासाठी किमान एक ग्रॅम पूड आणा. मागून भरायच्या होल्डरला त्याहून कमी पुरत नाही. सोबत चिठ्ठीवर मूलद्रव्यांची यादी, भाजलं असेल तर तापमान आणि तास, आणि लोखंड-कोबाल्ट आहे का हे लिहून द्या, म्हणजे डिटेक्टरची मर्यादा आधीच बदलून ठेवता येते. अर्ध्या तासात ५ ते ७० अंशांचा स्कॅन ओळखीपुरता होतो. रीटवेल्डसाठी १२० अंशांपर्यंत आणि उंच पिकावर दहा हजार मोजण्या हव्यात, तो रात्रभराचा स्कॅन विनंती केली तर चौथ्या रात्री लावून देतात. ओल धरणारं सॅम्पल असेल तर बाटलीचं झाकण पॅराफिल्मने गुंडाळा आणि भरायच्या आधी उघडू नका.